विस्तार-कार्डावरचे जम्पर कसे ओळखावेत?

महाविद्यालयाच्या किंवा संशोधनसंस्थेच्या एखाद्या जुन्या प्रयोगशाळेत गेलात तर कोपऱ्यातल्या टेबलावर अजूनही एक जोडी दिसते. एक धडधाकट, उत्तम चालणारे उपकरण आणि त्याच्या शेजारी पिवळट पडलेला जुना संगणक. उपकरण या संगणकाशिवाय चालत नाही. कारण दोघांना जोडणारे कार्ड ज्या खाचेत बसते, ती खाच आजच्या नेहमीच्या संगणकांत नसते. संगणक बंद पडला की हे कार्ड काढून तशाच दुसऱ्या जुन्या संगणकात बसवावे लागते, आणि तिथे गाडी अडते. कार्डावर वीस-पंचवीस बारीक पिना उभ्या असतात, त्यांतल्या काहींवर इवल्याशा काळ्या टोप्या असतात, आणि कोणती टोपी कशासाठी हे सांगणारी पुस्तिका केव्हाच हरवलेली असते. मग चांगले उपकरण केवळ या टोप्यांपायी भंगारात काढले जाते.

या टोप्यांना जम्पर म्हणतात. पुस्तिका नसली तरी बहुतेक जम्परांचे काम ओळखता येते. त्यासाठी लागतो एक साधा मल्टीमीटर, कागद-पेन्सिल आणि थोडे द्विमान गणित. ते कसे, हे या लेखात पाहू. जुन्या कार्डापुरतीच ही गोष्ट मर्यादित नाही. तीच युक्ती आज शाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या मंडलांनाही लागू पडते. त्याकडे शेवटी वळू.

अंदाजाने टोप्या का हलवू नयेत?

आपण ज्या कार्डांविषयी बोलत आहोत ती आयबीएम कंपनीच्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकासाठी तयार झालेल्या खाचेत बसतात. या खाचेत ६२ संपर्क होते. १९८४ साली 'एटी' हा संगणक आला तेव्हा तिला पुढे ३६ संपर्कांचा आणखी एक तुकडा जोडला गेला. पुढे या रचनेला आयएसए हे नाव मिळाले. पुढची पंधरा-सोळा वर्षे ध्वनीची, जाळेजोडणीची आणि मापनाची असंख्य कार्डे या खाचेसाठी बनली.

समजा, एका कार्डावर पत्त्यासाठी ७ जम्पर आहेत, सहांपैकी एक इंटरप्ट-रेषा निवडायची आहे आणि दोनांपैकी एक डीएमए-वाहिनी निवडायची आहे. (या शब्दांचा अर्थ पुढे येईलच.) सात जम्परांच्या रचना २ चा सातवा घात, म्हणजे १२८. एकूण रचना १२८ × ६ × २ = १५३६. प्रत्येक वेळी संगणक बंद करणे, कार्ड काढणे, टोपी बदलणे, पुन्हा सुरू करून पाहणे याला पाच मिनिटे धरली तर ७६८० मिनिटे, म्हणजे १२८ तास लागतील. रोज आठ तास बसले तर सोळा दिवस. शिवाय मधल्या काळात मूळची रचना काय होती हेही विसरले जाणार.

तेव्हा प्रत्येक टोपीला स्वतंत्रपणे 'तुझे काम काय?' असे विचारता आले पाहिजे. तसे विचारता येते, कारण जम्परात गूढ असे काही नाही.

जम्पर म्हणजे साधा खटका

दोन पिना एकमेकींपासून २.५४ मिलिमीटरवर, म्हणजे एक-दशांश इंचावर उभ्या असतात. टोपीच्या आत धातूचा छोटा चिमटा असतो. टोपी घातली की दोन्ही पिना जोडल्या जातात, काढली की सुटतात. काही ठिकाणी तीन पिना ओळीत असतात. तिथे मधली पिन डावीकडच्या किंवा उजवीकडच्या पिनेला जोडायची असते. काही कार्डांवर टोप्यांऐवजी एका रांगेत बसवलेले चिमुकले खटके असतात. काम तेच.

जम्पर एवढेच सांगतो की हा मार्ग जोडलेला आहे की तुटलेला. म्हणून जम्परचा अर्थ त्याच्यावर शोधायचा नसतो. त्याच्या दोन पिना कुठे जातात यावर तो ठरतो.

कार्डाचे तीन प्रश्न

खाचेत बसणाऱ्या सर्व कार्डांना त्याच तारा जातात. एक कार्ड जे ऐकते ते सर्व कार्डे ऐकतात. यामुळे प्रत्येक कार्डाला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात.

पहिला प्रश्न, माझा पत्ता कोणता? एखादा पोस्टमन चाळीच्या चौकात उभा राहून खोलीचा क्रमांक मोठ्याने पुकारतो आहे अशी कल्पना करा. आवाज सगळ्यांनाच ऐकू जातो, पण ज्याचा क्रमांक असेल तोच 'ओ' देतो. दोन बिऱ्हाडांनी एकच क्रमांक लावून घेतला तर दोघेही धावत येतील आणि पत्राची ओढाताण होईल. संगणकातही प्रक्रियक पत्ता पुकारतो आणि प्रत्येक कार्ड तो स्वतःच्या पत्त्याशी ताडून पाहते.

दुसरा प्रश्न, मला काही सांगायचे असेल तर मी कोणती घंटा वाजवू? या घंटेच्या तारेला इंटरप्ट-रेषा म्हणतात. मूळच्या १९८१ च्या संगणकात अशा आठ रेषा होत्या व त्यांपैकी २ ते ७ या सहा खाचेत आलेल्या होत्या. 'एटी' संगणकात उपयोगाच्या रेषांची संख्या पंधरा झाली. त्यांपैकी ० ही घड्याळाची, १ कळफलकाची, ६ फ्लॉपीची. ४ आणि ३ या पहिल्या व दुसऱ्या क्रमिक जोडणीच्या, आणि ७ छपाईयंत्राची. ५ बऱ्याचदा मोकळी सापडे. म्हणून ध्वनिकार्डे तिथे गर्दी करत.

एकच घंटा दोघांनी वापरली तर काय होते? या खाचेच्या रचनेत प्रत्येक कार्ड आपली रेषा स्वतः वर किंवा खाली धरून ठेवते. एकाने वर खेचली आणि दुसऱ्याने खालीच धरली तर हाक पोचतच नाही. त्यातून प्रक्रियकाच्या बाजूची चिप रेषा 'खालून वर जाण्याचा' क्षण तेवढा टिपते. एक हाक चालू असताना दुसरी आली तर ती टिपलीच जात नाही. पहिली आणि तिसरी क्रमिक जोडणी प्रथेप्रमाणे ४ ही एकच रेषा वापरत. पहिलीवर माउस आणि तिसरीवर मोडेम लावला तर दोन्ही एकेकटे चालत. पण मोडेम चालू असताना माउस हलवला की कामाचा बोजवारा उडत असे. त्याचे कारण हेच.

तिसरा प्रश्न सर्व कार्डांना पडत नाही. पुष्कळ माहिती भराभर स्मृतीत पोचवायची असेल तर दर वेळी प्रक्रियकाला मध्ये घेणे परवडत नाही. दुकानातला माल मालकाच्या हातून जाण्याऐवजी हमालाने परस्पर गोदामात न्यावा तशी ही व्यवस्था आहे. हिला डीएमए म्हणतात. मूळच्या संगणकात अशा चार वाहिन्या होत्या. ० क्रमांकाची स्मृती ताजी ठेवण्यात गुंतलेली, २ फ्लॉपीकडे. उरल्या १ आणि ३.

या तीन प्रश्नांची उत्तरे कार्डाला आणि ते चालवणाऱ्या प्रणालीला, दोघांनाही ठाऊक असावी लागतात. ध्वनिकार्डांच्या काळात संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत 'सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१' अशी ओळ असे. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. तीन प्रश्नांची तीन उत्तरे. उपकरणाच्या प्रणालीतही अशी एखादी नोंद बहुधा सापडते. जुना संगणक जिवंत असेल तर ती आधी शोधावी. अर्धे काम तिथेच होते.

पत्ता कसा ताडला जातो?

इथे द्विमान संख्यापद्धती उपयोगी पडते. कार्डांच्या पत्त्यासाठी प्रथेप्रमाणे दहा रेषा वापरल्या जात, ० ते ९. दहा रेषांवर २ चा दहावा घात म्हणजे १०२४ पत्ते होतात. त्यांपैकी ० ते २५५ हे मुख्य मंडलासाठी राखीव. कार्डांसाठी २५६ ते १०२३.

बहुतेक कार्डांना एकाच पत्त्याने भागत नाही, सलग काही पत्ते लागतात. आठ पत्ते लागणारे कार्ड घेऊ. सर्वांत खालच्या तीन रेषा (०, १ व २) आठांपैकी कोणता पत्ता हे ठरवतात. वरच्या सात रेषा (३ ते ९) कार्ड कुठून सुरू होते हे ठरवतात. म्हणून सात जम्पर. प्रत्येक रेषेची किंमत अशी:

रेषा ९ — ५१२
रेषा ८ — २५६
रेषा ७ — १२८
रेषा ६ — ६४
रेषा ५ — ३२
रेषा ४ — १६
रेषा ३ — ८

हे ताडण्याचे काम अनेक कार्डांवर ७४एलएस६८८ ही वीस पायांची चिप करते. तिला आठ-आठ बिटांच्या दोन संख्या दिल्या की त्या तंतोतंत सारख्या आहेत का, एवढेच ती सांगते. एक संख्या खाचेतून येते, दुसरी जम्परांवरून.

जम्परवरून संख्या कशी येते? पिन एका रोधातून ५ व्होल्टला जोडलेली असते. टोपी नसेल तर पिनेवर ५ व्होल्ट, म्हणजे १. टोपी घातली की पिन ग्राउंडला जोडली जाते आणि तिथे ० येतो. टोपी घातली म्हणजे १ असे आपल्याला सहजच वाटते. या रचनेत ते नेमके उलट असते, आणि पुष्कळांची गफलत इथेच होते.

उदाहरण घ्या. सात जम्परांपैकी ९ व ८ या रेषांवर टोपी नाही, बाकी पाचांवर आहे. मग पत्ता ५१२ + २५६ = ७६८. पुस्तिकांमध्ये पत्ते षोडशमान पद्धतीत, म्हणजे सोळाच्या घातांत लिहिण्याची प्रथा होती. ७६८ म्हणजे तीन वेळा २५६, म्हणून षोडशमानात ३००. मापनाच्या कार्डांवर हा पत्ता वारंवार दिसतो. ध्वनिकार्डाचे २२० म्हणजे दोन वेळा २५६ अधिक दोन वेळा १६, अर्थात दशमानात ५४४.

हात लावण्यापूर्वी

कोणतीही टोपी हलवण्याआधी कार्डाचा दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढावा आणि प्रत्येक टोपीची जागा कागदावर मांडावी. ते कार्ड पूर्वी चालत होते. म्हणजे या क्षणीची रचना हे एक बरोबर उत्तर आहे. ते हातचे घालवू नये.

संगणकाचा वीजपुरवठा खटक्याने बंद करून भागत नाही. तारही भिंतीतून काढावी. कार्डाला हात लावण्याआधी संगणकाच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरचा स्थितिक विद्युतभार निघून जातो. मल्टीमीटरचे काम कार्ड संगणकाबाहेर काढूनच करायचे.

तांब्याच्या रेषांचा माग

आता कार्डाच्या खालच्या काठावरच्या सोनेरी पट्ट्या पाहा. चिपा असलेल्या बाजूला ३१ आणि मागच्या, डाग दिलेल्या बाजूला ३१, अशा एकूण ६२ पट्ट्या असतात. १६ बिटांच्या कार्डावर पुढे आणखी ३६ असतात; आपल्याला पहिल्या ६२ पुरेशा आहेत. मोजणी संगणकाच्या पाठीमागे येणाऱ्या धातूच्या पत्र्याकडून सुरू करायची. कामाच्या पट्ट्या या:

मागची बाजू: पट्टी १, १० व ३१ — ग्राउंड
मागची बाजू: पट्टी ३ व २९ — ५ व्होल्ट
मागची बाजू: पट्टी ४ — इंटरप्ट २
मागची बाजू: पट्टी २१ ते २५ — अनुक्रमे इंटरप्ट ७, ६, ५, ४, ३
मागची बाजू: पट्टी १८ व १७ — डीएमए वाहिनी १ ची मागणी व पोच
मागची बाजू: पट्टी १६ व १५ — डीएमए वाहिनी ३ ची मागणी व पोच
चिपांची बाजू: पट्टी २२ ते ३१ — अनुक्रमे पत्त्याच्या रेषा ९ ते ०

मल्टीमीटर जोडणी तपासण्याच्या, म्हणजे आवाज करणाऱ्या स्थितीत ठेवा. एक टोक पट्टीवर, दुसरे जम्परच्या पिनेवर. तीन प्रकारची उत्तरे मिळतात आणि त्यांवरून जम्परांचे गट पडतात.

(१) जम्परच्या एका ओळीतल्या पिना निरनिराळ्या मागच्या पट्ट्यांना, २१ ते २५ व ४ यांना जोडलेल्या आहेत, आणि समोरच्या ओळीतल्या सर्व पिना आपसांत जोडलेल्या आहेत. हा इंटरप्टचा गट. सर्व गटात टोपी एकच असणार. ती कोणत्या पट्टीसमोर आहे ते पाहिले की इंटरप्ट कळला.

(२) पिना १५ ते १८ या पट्ट्यांना जातात. हा डीएमए. इथे टोप्या जोडीने असतात, कारण प्रत्येक वाहिनीला मागणी आणि पोच अशा दोन तारा लागतात. एक टोपी वाहिनी १ वर आणि दुसरी ३ वर असे कधीही ठेवू नये.

(३) एका ओळीतल्या सर्व पिना ग्राउंडला जोडलेल्या आहेत आणि समोरच्या पिना कोणत्याच पट्टीला जात नाहीत. हा बहुधा पत्त्याचा गट. कोणता जम्पर कोणत्या रेषेचा, हे चिपवरून कळते. ७४एलएस६८८ मध्ये ताडायचे बिट शेजारशेजारच्या पायांवर येतात: २ व ३, ४ व ५, ६ व ७, ८ व ९; दुसऱ्या बाजूला ११ व १२, १३ व १४, १५ व १६, १७ व १८. समजा, एक जम्पर पाय ३ ला जोडलेला आहे. मग पाय २ कोणत्या पट्टीला जातो ते पाहा. तो चिपांच्या बाजूच्या २२ व्या पट्टीला जात असेल तर तो जम्पर रेषा ९ चा, म्हणजे ५१२ चा. याप्रमाणे सातही जम्परांवर किंमत लिहिता येते.

काही वेळा पट्टी आणि ही चिप यांच्यामध्ये आणखी एक चिप असते व जोडणी तुटल्यासारखी वाटते. अशा वेळी मधल्या चिपच्या क्रमांकावरून तिच्या पायांची आकृती मिळवून आत शिरणारा पाय आणि बाहेर पडणारा पाय अशी जोडी लावत पुढे जायचे. ताडण्याचे काम खास बनवून घेतलेल्या चिपमध्ये दडलेले असेल तर मात्र हा माग तिथेच थांबतो. मग पुढची कसोटी उपयोगी पडते.

अनुमानाची कसोटी

मल्टीमीटरने जे मिळाले ते अजून अनुमान आहे. ते खरे आहे का हे पाहण्याचा उपाय सोपा आहे. कार्ड मूळच्याच रचनेत संगणकात बसवा, डॉस सुरू करा आणि बेसिक भाषेतील आयएनपी या फलनाने ७६८ ते ७७५ हे आठ पत्ते वाचा. रिकाम्या पत्त्यावर कोणीच उत्तर देत नाही. तेव्हा बहुधा २५५, म्हणजे सर्व बिट १, असा आकडा मिळतो. कार्ड तिथे असेल तर निदान काही आकडे वेगळे येतील.

आता खरी परीक्षा. संगणक बंद करून रेषा ५ ची टोपी काढा. आपले अनुमान बरोबर असेल तर पत्ता ३२ ने वाढून ८०० झाला पाहिजे. म्हणजे ७६८ पासून आता २५५ मिळावेत आणि आधीचे वेगळे आकडे ८०० पासून दिसावेत. तसे दिसले तर अनुमान टिकले. नाही दिसले तर ते सोडून द्यावे लागेल. एका वेळी एकच टोपी बदलावी आणि काय घडेल ते आधी लिहून मगच पाहावे, ही शिस्त इथे मोडू नये. विद्यार्थ्यांना 'गृहीतक' आणि 'पडताळा' हे शब्द समजावताना याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही.

एक सावधगिरी. पत्ते वाचायचे, त्यांवर आंधळेपणाने लिहायचे नाही. ४९६ पासूनचे पत्ते हार्डडिस्कचे असतात. तिथे भलते काही लिहिले गेले तर साठवलेली माहिती जाऊ शकते. वाचल्यानेही क्वचित एखाद्या कार्डाची अंतर्गत नोंद बदलते. म्हणून तपासणीपुरती बाकीची अनावश्यक कार्डे काढून ठेवावीत.

उरलेले जम्पर: सर्वांत धोक्याचे

मापनाच्या कार्डावर वरच्या तीन गटांत न बसणारे दोन-तीन जम्पर नेहमीच उरतात. त्यांच्या पिना सोनेरी पट्ट्यांना जात नाहीत; त्या जातात उपकरणाकडून येणारा विद्युतदाब संख्येत बदलणाऱ्या चिपकडे. कार्डाने किती व्होल्टपर्यंतचा दाब मोजायचा हे ते ठरवतात.

यांच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. पत्ता किंवा इंटरप्ट चुकला तर कार्ड बोलत नाही किंवा संगणक अडखळतो. काहीतरी बिघडले आहे हे आपल्याला लगेच कळते. मापनाची कक्षा चुकली तर सर्व काही सुरळीत चालते, फक्त आकडे खोटे असतात. १२ बिटांचे कार्ड ४०९६ पायऱ्या देते. कक्षा ० ते १० व्होल्ट असेल तर २०४८ या संख्येचा अर्थ ५ व्होल्ट. तीच कक्षा उणे ५ ते अधिक ५ अशी असेल तर २०४८ म्हणजे शून्य व्होल्ट. दोन्ही वेळी एक पायरी सुमारे २.४४ मिलिव्होल्टचीच असते. आलेखाचा आकारही हुबेहूब तोच येतो. आलेख सुबक दिसतो, निष्कर्ष काढले जातात, प्रबंधही लिहून होतो, आणि त्यातला प्रत्येक आकडा ५ व्होल्टने चुकलेला असतो.

यावर उपाय म्हणजे ज्ञात दाब देऊन पाहणे. प्रथम कार्डाची मापनाची दोन टोके एकमेकांना जोडा, म्हणजे दाब शून्य. आकडा शून्याजवळ आला तर कक्षा शून्यापासून सुरू होते; २०४८ च्या आसपास आला तर ती दोन्ही बाजूंची आहे. मग एक साधा कोरडा घट जोडा. मल्टीमीटरने त्याचा दाब १.५ व्होल्ट भरला असे समजा. ० ते १० च्या कक्षेत १.५ ÷ १० × ४०९६, म्हणजे सुमारे ६१४ मिळायला हवेत. उणे ५ ते अधिक ५ च्या कक्षेत ६.५ ÷ १० × ४०९६, म्हणजे सुमारे २६६२. तिसराच काही आकडा आला तर कक्षा वेगळी आहे. तीही याच त्रैराशिकाने काढता येते. दहा मिनिटांची ही तपासणी झाल्याशिवाय हलवलेल्या कार्डाचे एकही मापन वहीत उतरवू नये.

जम्पर गेले, प्रश्न राहिले

जम्परांचा हा त्रास निर्मात्यांनाही जाणवत होता. आयबीएमने १९८७ साली नवी खाच आणली. तिच्यात टोप्यांऐवजी तबकडीवरच्या प्रणालीने रचना करता येई. १९९२ साली पीसीआय ही खाच आली. तिच्यातले कार्ड स्वतःची ओळख आणि गरजा सांगते व संगणक त्याला पत्ता नेमून देतो. इंटरप्ट-रेषाही अनेकांना वाटून घेता येते. १९९३ साली जुन्या आयएसए खाचेसाठीही अशी आपोआप रचना करण्याचे मानक निघाले. त्या सुमाराची काही कार्डे म्हणूनच जम्पराविना दिसतात. त्यांची रचना एका छोट्या स्मृतिचिपमध्ये साठवलेली असते आणि ती बदलायला कार्डाची स्वतःची प्रणाली लागते.

प्रश्न मात्र तेच राहिले. माझा पत्ता कोणता, माझी घंटा कोणती? आजच्या संगणकातही ही वाटणी होतेच, ती आपल्या नजरेआड होते इतकेच.

वर्गात करण्यासारखे

जुने कार्ड मिळाले नाही तरी हा प्रयोग शाळेत करता येतो. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे अनेक शाळांत आर्डुइनोसारखी मंडले पोचली आहेत. त्यांना जोडायच्या अक्षरपटलामागे बऱ्याचदा पीसीएफ८५७४ या चिपची छोटी पाटी असते. तिच्यावर ए०, ए१, ए२ अशा खुणा असलेल्या तीन उघड्या जोड्या दिसतात. हे जम्परच आहेत. टोपीऐवजी डागाचा थेंब टाकून ते जोडायचे असतात. जोडी उघडी म्हणजे १, जोडलेली म्हणजे ०, हा नियमही तोच.

तिन्ही उघड्या असताना या चिपचा पत्ता ३९ असतो. ए० ची किंमत १, ए१ ची २, ए२ ची ४. विद्यार्थ्यांना आधी भाकीत करायला सांगा: फक्त ए१ जोडली तर पत्ता किती? (३७.) तिन्ही जोडल्या तर? (३२.) मग पत्ते शोधणारी छोटी प्रणाली चालवून पडताळा घ्या. (याच चिपचा एक भाऊबंद निराळ्या पत्त्यापासून मोजतो, पहिला आकडा ६३ आला तर तिन्ही उघड्या जोड्यांचा पत्ता ६३ धरून पुढचे गणित करावे.) त्यानंतर सारख्याच पत्त्याची दोन पटले एका जोडीवर लावून एकच मजकूर पाठवला तर तो दोन्हींवर का उमटतो, याचे कारण मुलांकडूनच काढून घ्या. चाळीतला पोस्टमन इथेही कामी येईल.

आणि ज्यांच्याकडे खरोखरच जुने उपकरण आणि जुने कार्ड आहे त्यांनी एवढे करावे. शोध पूर्ण झाला की प्रत्येक जम्परचे नाव, त्याचे काम आणि सध्याची स्थिती एका कागदावर लिहावी, पत्ता दशमानात व षोडशमानात, दोन्ही प्रकारे लिहावा, मापनाच्या कक्षेसमोर तपासणीची तारीख टाकावी आणि तो कागद संगणकाच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावा. पुढे कधीतरी हा संगणकही बंद पडेल. तेव्हा झाकण उघडणाऱ्याला तो कागद पहिल्यांदा दिसायला हवा.